उलट आटे

शेटनं दोन वर्षांच्या पगाराऐवजी ही दिली.
दोन आसनं, कापडी छप्पर, लांब नाक,
पोर्तुगिजांच्या वेळी मुरगाव बंदरात उतरलेली.
"विकलीस तर लाखांत जाईल," म्हणाला.
मयेला घरासमोर उभी केली
आणि सकाळी सारवलेल्या अंगणात
ताटाएवढा काळा डाग.
एक गिऱ्हाईक आलं, खाली वाकलं,
चहा न घेता गेलं.

मी डंपरांचा फिटर. डिचोलीच्या खाणीवर सव्वीस वर्षं.
खांद्याला लागणारी चाकं, मनगटाएवढे बोल्ट.
हिचे बोल्ट बघून हसूच आलं,
उमावतीच्या कानांतल्या कुड्या जणू.
माझे पानेही बसेनात. इंचाचे पाने
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
कोयते आणि गंजकी कुलपं मांडून बसलेल्या
एका म्हाताऱ्याकडे मिळाले.
भाव पाडू दिला नाही त्यानं. त्याला कळलं होतं.

गळती शोधताना आधी विसरायचा
तो जमिनीवरचा थेंब.
तेल सुटतं वर कुठेतरी, कडेकडेनं येतं,
पंख्याच्या वाऱ्यानं मागे सरकतं
आणि भलत्याच बोल्टाच्या टोकाला
साळसूदपणे लोंबत राहतं.
लोक तो बोल्ट आवळत बसतात.

इंजिन रॉकेलनं घासून काढलं,
मग उमावतीचा पावडरचा डबा त्यावर उपडा केला
आणि दहा मिनिटं चालू ठेवलं.
पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरत आली,
मुंगी चालावी तशी, थांबत थांबत.
सगळ्या अंगणात
लग्नाला निघाल्याचा वास.

वरच्या झाकणाचं बुचाचं पॅकिंग
हातात बिस्किटासारखं तुटलं.
पुढच्या झाकणाला तर पॅकिंगच नव्हतं,
कुणीतरी साबण लिंपला होता.
मुंबईहून मागवायचं तर पंधरा दिवस,
म्हणून पेटीतली लग्नपत्रिका काढली,
शेटच्या मुलाची. जाड, सोनेरी कडेची.
तारीख वाचली.
तेव्हा तिसरा पगार थकला होता.
झाकणाच्या कडेला तेल फासून पत्रिकेवर दाबलं,
ठसा उठला. भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून
हातोडीची एकेक टिचकी.
गणपतीपाशी कात्री थांबली,
तो तेवढा वेगळा काढला.
बाकी वधूवरांसकट बसवलं.

चार दिवस मी पालथा-उताणा.
कायतान बॅटरी धरायला यायचा.
आखातात क्रेन चालवलेला माणूस,
उजेड कमी, सल्ले जास्त.

शेवटची गळती मागे, फ्लायव्हीलच्या अलीकडे.
तिथं रबर नाही, दोरी नाही, काही नाही.
नुसते आटे, शाफ्टवर कोरलेले, उलटे.
शाफ्ट फिरत असला की तेल आत ओढून घेतात.
थांबला
की गळतं.
म्हणजे मोडलेलं नव्हतंच काही. केलंच होतं असं.

मी तसाच खाली पडून राहिलो.
"न्हिदलो काय रे?" कायताननं विचारलं.
खाण बंद झाल्यापासून दुपारी झोपतच होतो मी.
आज नव्हतो.

रात्री उमावती शेजारी बसली, डोक्याला रुमाल बांधून.
चोडणच्या वळणावर म्हणाली, हळू.
पुढे म्हणाली, इतकी हळू नको.

फेरीवर इंजिन बंद करायची खूण झाली.
मी दार उघडून लोखंडी तळाकडे बघत बसलो.
एक.
बऱ्याच वेळानं दुसरा.
तिकीटवाला वाकला, बोटावर घेतलं, हुंगलं.
"हें तुमचें न्हय, पात्रांव," म्हणाला,
"आमच्या फेरीचें. सदांच गळटा."

मी काही बोललो नाही.
उमावती माझ्याकडे बघत होती.
रायबंदरचा धक्का लागला, फळी आपटली,
मी किल्ली फिरवली.